खोक्याला हात लावायचा नाही

३ मार्च

खोका परत आला! वर लाल शिक्का — 'धोकादायक माल. पाठवणारा प्रशिक्षित नाही.' आत काय, तर घड्याळाच्या काचा बसवायचा आमचा गोंद. करंगळीएवढ्या बाटल्या!

सासरेबुवा लालबुंद. "जन्म गेला माझा या गोंदात. आणि धोका माझ्यापासून?"

"तुमच्यापासून नाही हो काका," कुरियरवाला म्हणाला. "गोंद पेट घेतो ना."

"आजवर घेतला का?"

कुरियरवाला माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

५ मार्च

परदेशातल्या घड्याळजींचे फोनवर फोन. घड्याळं काचेविना उघडी पडलीत म्हणे. पुढची ऑर्डर दुसरीकडे देऊ, या भाषेवर आलेत.

चौकशी केली. माल थोडा असला की बाकीचे नियम सैल, पण ट्रेनिंग चुकत नाही. खोका भरणारा, चिठ्ठी चिकटवणारा, सही करणारा — सगळ्यांना. आमच्याकडे हे सगळे म्हणजे सासरे आणि मी.

९ मार्च

ट्रेनिंगच्या बाई दुकानातच आल्या. बाटली पिशवीत, भोवती सांडलेलं शोषून घेईल असं काहीतरी, मग दणकट खोका. सासरे निवांत घोरत होते. बाई पुढे म्हणाल्या, नमुन्याचा खोका डोक्यावरच्या उंचीवरून खाली टाकून बघायचा. 'टाकून' म्हटल्याबरोबर सासऱ्यांचे डोळे उघडले. टेबलावर चढले. बाई "आधी पाणी भरा, गोंद नाही, पाणी!" म्हणेपर्यंत टाकलासुद्धा!

खोका शाबूत. खालच्या मजल्यावरचा शिंपी मात्र धावत वर आला.

११ मार्च

परीक्षेचा निकाल. मी पास. सासरे नापास!!

प्रश्न — गळती झाल्यास प्रथम काय कराल? उत्तर — 'गळती होणार नाही.' प्रश्न — अडचणीच्या वेळी कोणाला फोन कराल? उत्तर — 'मला.'

उत्तरं वाचताना बाईंनी रुमाल तोंडाला लावला होता. सर्दी नसावी.

१२ मार्च

आता कायदा असा — गोंद ते करणार, बाटल्या ते भरणार, पण खोक्याला हात लावायचा तर माझ्या नजरेखाली. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या नजरेखाली आहे. उलटं कधी झालंच नव्हतं.

आज तोंडातून निघून गेलं, "बाबा, हात लावू नका." त्यांनी हात असा मागे घेतला — मलाच कसंतरी झालं. मग खुर्ची ओढून बसले, हाताची घडी घालून.

"जावईबापू, टेपकडे बघितलेलं चालेल का?"

जेवताना ही गप्प. शेवटी म्हणाली, "बाबांना स्वतःच्या दुकानात हात लावू देत नाहीस?"

"खोक्याला. फक्त खोक्याला!"

"तेच ते."

१५ मार्च

माल गेला. परत आला नाही. आनंद सांगायचा कोणाला?

१८ मार्च

सासऱ्यांनी फेरपरीक्षा मागितलीय. दिवसभर ट्रेनिंगचं पुस्तक उघडं. आणि टाकाटाकी! चहाचा डबा टाकला, माझी छत्री टाकली. शिंपी आता वर येत नाही, काठीने छत ठोकतो.

१९ मार्च

खोक्यावर दिवसभर वजन ठेवून बघायचीही एक चाचणी असते. सासरे सकाळीच खोक्यावर जाऊन बसले. गिऱ्हाईक आलं तरी उठेनात. "मी चाचणीत आहे." जेवणाचा डबा तिथेच खाल्ला. मी गुपचूप बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ठरलेल्या वजनाची वस्तू ठेवायची, माणूस नव्हे. सासऱ्यांनी फोन हिसकावला — "पण जास्त झालं तर चालतं ना?"

चालतं.

२२ मार्च

आज हळूच विचारलं त्यांनी, "जावईबापू, गळती झाली की आधी काय करायचं?" मला! आजवर त्यांनी मला किती वाजले हेसुद्धा विचारलेलं नाही.

बाटलीभर पाणी जमिनीवर ओतून सराव केला. त्यांनी बोंब ठोकली, मला दंडाला धरून बाहेर जिन्यात काढलं आणि दार लावून घेतलं. आतून आवाज — "तुम्ही सुखरूप आहात का?"

"बाबा, तुम्हीही बाहेर यायचं असतं!"

भराभर पानं उलटल्याचं ऐकू आलं. मग दार उघडलं. "हे पुस्तकात नीट लिहिलेलं नाही," म्हणाले. खूप हसलो. दोघंही. जिन्यात उभे राहून.

२४ मार्च

पास! माझ्यापेक्षा जास्त मार्क!! वर बाईंना सुनावलं — "तुमचं शिकवणं झोप आणतं. पहिल्या तासालाच खोका टाकायला द्या." बाई रागावल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं. सासऱ्यांनी चहा मागवला, मग आणखी एकदा मागवला. मला खोके बांधायला पाठवलं.

जेवताना ही बोलली. भरपूर बोलली.

२९ मार्च

सासरे बाईंच्या संस्थेत मास्तर झाले! आज सकाळच्या गाडीने गेले, गावोगाव शिकवत फिरणार. दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. "आता तुमचं सगळं, जावईबापू." माझे डोळे भरून आले.

दुपारी घड्याळजींची नवी ऑर्डर — दुप्पट! गोंदाची खोली उघडली. पातेली घासूनपुसून पालथी घातलेली. पिंपांवर एक अक्षर नाही. गोंद कशाचा करतात, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

फोन लावला. बंद. तास चालू असणार.