ट्रॉली अजून हलत होती

वरूड, सोमवार संध्याकाळ

ताट बाजूला सारून लिहायला बसलो. धर्मकाट्याचा, म्हणजे भरल्या गाड्या तोलायच्या काट्याचा, जुना कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून त्यातला वजनाचा प्रोग्राम सकाळी मीच नव्यावर चढवला. चालला, तेव्हा केवढा खूश झालो! पण तो संथ मशीनसाठी लिहिलेला. नव्यावर इतका घाईत पळतो, की गाडी डोलत असतानाच वजन पकडतो.

वहीदचाचांची अर्धी बाग यंदा वाळली. उरलेली संत्री घेऊन दुपारी आले. ट्रॉली अजून हलतच होती अन् चिठ्ठी छापून बाहेर! परत मोजलं, तर वजन बरंच वाढलं.

चाचा म्हणाले, "मले काय समजते बेटा? कम्प्युटर सांगते थेच खरं."

सकाळपासून आलेले सगळे शेतकरी हेच म्हणून, चिठ्ठी खिशात घालून गेले. त्यांच्या ट्रॉल्या हलत होत्या का? मी तर स्क्रीनकडेच पाहत होतो.