दुसरा फटका

३ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद नेहमीइतकेच, अनेक. रागात लिहिते आहे म्हणून त्यांतला एकही कमी केलेला नाही.

घशात धूर गेल्यामुळे तुला महिनाभर बोलायला बंदी आहे, असं कळलं. आई असती तर तिनं त्या डॉक्टरांचे पाय धरले असते. फोनचा प्रश्न मिटला, आणि मोबाइलवर दोन ओळींत मावेल असं हे नाही, म्हणून पत्र.

तुझे भाऊजी काल घरी आले. पुढचे दोन दात गेलेत, जबडा तारांनी बांधलाय. पाठीवर बुटाचा ठसा उमटलाय, काळानिळा, अख्खा. सूप नळीनं पितात आणि कागदावर लिहून बोलतात. झोपेत पाय झाडतात, त्या लाथा मला बसतात. या वर्षी पडलेलं हे दुसरं विमान, त्यामुळे ज्याला त्याला वाचा फुटली आहे. इस्त्रीवालासुद्धा वैमानिकांनी काय करायला हवं होतं ते मला समजावून सांगतो.

आता मुद्द्याचं. इस्पितळातूनच यांनी चौकशीवाल्यांकडे लेखी तक्रार पाठवली आहे. बाहेर काहीही नसताना विमानाच्या मागच्या दारावर ड्यूटीला असलेल्या बाईनं दार उघडू दिलं नाही, तोंडावर लोखंडी सिलिंडर मारला, आणि तिच्यामुळे मागच्या रांगांतली माणसं गुदमरून मेली, असं लिहिलंय. ती बाई म्हणजे तू. ‘मेहुणी’ हा शब्द तक्रारीत कुठेही नाही.

पुढच्या आठवड्यात ते लोक जबाब घ्यायला घरी येणार आहेत. तुझ्यावर खटला भरायचा की नाही, ते या जबाबावर ठरेल असं वकील म्हणाले. यांना विचारलं तर कागद उलटा ठेवतात. म्हणून तुला विचारते. तू यांना मारलंस का? मारलंस तर का? गोड करून लिहू नकोस. तुझं खोटं मला चेहऱ्यावरून कळतं, पत्रात कळणार नाही.

दोघांच्या मधे उभी असलेली,
तुझी ताई


७ मार्च

ती. ताईस,

हात बँडेजमध्ये आहेत, जोडता येत नाहीत. तरी सा. न. मानून घे. बोटं मोकळी आहेत, अक्षर सहन कर.

हो, मारलं.

टेकल्याबरोबर टायर फुटला. विमान धावपट्टी सोडून मातीत गेलं, एक पंख फरफटत तुटला आणि माझ्या बाजूला आग भडकली. डोक्यावरचे कप्पे उघडले, बॅगा लोकांच्या माना मोडत खाली आल्या. दिवे गेले. मी दाराच्या भिंगातून बाहेर पाहिलं, तर नुसती आग. आम्हाला शिकवलेलं असतं की बाहेर आग असेल तर ते दार नाही, भिंत आहे. भिंतीला पाठ लावायची आणि माणसं समोरच्या दाराकडे वळवायची. समोर नवी मुलगी होती. तिनं तिचं दार उघडलं, घसरगुंडी फुगली. सगळ्यांनी तिकडेच जायचं होतं.

पण भाऊजी माझ्याकडे आले. त्यांना शेवटच्या रांगेत मीच बसवलं होतं, स्टाफ तिकिटावर घरचं माणूस आलं की मी तसंच करते, माझ्या नजरेसमोर असावं म्हणून. आणि आठवतं, तुमच्या फ्रिजच्या दारावर मी हँडल कसं फिरवायचं ते दाखवलं होतं? आधी बाहेर बघायचं हेही सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही सगळे हसत होतात. भाऊजींना हँडल तेवढं लक्षात राहिलं. ‘मला दार उघडता येतं’ असं ते ओरडले आणि धुरात बुजलेली माणसं त्यांच्या मागे माझ्यावर आली.

त्यांनी माझे केस धरून डोकं दारावर आपटलं. एकदा नाही. मी चावले, ताई, त्यांच्या मनगटाला. कोणीतरी खाली पडलं होतं आणि आम्ही दोघं त्या अंगावर उभे होतो. पाठीमागचं दार तव्यासारखं तापत होतं. हँडल अर्धं फिरलं. ते पूर्ण फिरलं असतं तर आग आत आली असती. तेव्हा मी आग विझवायचा सिलिंडर त्यांच्या तोंडावर मारला. मग कॉलर धरून समोरच्या दाराशी ओढलं आणि पाठीत लाथ घालून खाली ढकललं. तो ठसा माझा.

या झटापटीत मागची माणसं गेली. त्यांत एक आजी होत्या, चढताना माझ्या हाताला धरून माझं लग्न झालंय का विचारणाऱ्या. त्यांना मी उचलायला गेले तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता.

गोड करू नकोस म्हणालीस, म्हणून आणखी एक. मी दोन फटके मारले. पहिल्यानं त्यांनी हँडल सोडलं होतं. तरी दुसरा मारला. पहिला कामाचा होता. दुसरा माझा स्वतःचा. जबडा दुसऱ्यानं मोडला असावा.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझीच,
भिंगरी


१२ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. याही वेळी एकही कमी केलेला नाही.

तुझं पत्र मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळं. तू चावलीस तिथवर वाचेपर्यंत हे कागदावर रेघोट्या मारत होते. आजींचं आलं तेव्हा उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडला. पुष्कळ वेळानं बाहेर येऊन भिंतीवर मूठ मारली. प्लास्टर पडलं. मला तुझी फार आठवण आली, कारण अशा वेळी तूच हसतेस.

मग त्यांनी लिहिलं की आग त्यांनाही दिसली होती. तरी दार उघडायचं होतं. का, ते सांगता येत नाही, असंही लिहिलं.

जबाबात त्यांनी तक्रार मागे घेतली. तू दार धरलंस म्हणून समोरून माणसं उतरू शकली, असं लिहून दिलं. दुसऱ्या फटक्याचं त्या लोकांनी विचारलं, कारण डॉक्टरांच्या मते जबड्यावर दोन घाव होते. तेव्हा यांनी लिहिलं की पहिल्या फटक्यानंतर आपण हात बदलला, डाव्या हातानं हँडल पुन्हा धरलं, म्हणून दुसरा मारावाच लागला. खरं की खोटं, मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. तुझा जबाब तीन दिवसांनी आहे ना? तूही तेच सांग आणि मोकळी हो. मला माझी दोन्ही माणसं परत हवीत.

तुझी,
ताई


१६ मार्च

ती. ताईस,

पत्र वाचून डोकं तुझ्या मांडीवर ठेवावंसं वाटलं, तोच माझा नमस्कार.

भाऊजींचे दोन्ही हात तोंडावर होते. बोटांमधून रक्त येत होतं आणि ते मागे सरकत होते. मी अगदी जवळून पाहिलं.

काल जबाबात मी जे पाहिलं तेच लिहून दिलं. वकिलांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तरी लिहिलं. ताई, असे जबाब वाचूनच पुढच्या मुलींना शिकवतात. दार कसं धरायचं ते त्यांना माझ्याकडून कळेल. पण आगीकडे पाठ करून उभ्या असलेल्या बाईचा हात एकदा उठला की थांबत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. नाहीतर त्यांना वाटेल आपला थांबेल.

दार धरल्याबद्दल खटला होणार नाही. दुसऱ्या फटक्याचं ठरायचं आहे. तोवर मला उडू देणार नाहीत, कदाचित पुढेही नाही. भाऊजींचं खोटं मी खोडलं म्हणून ते चिडतील. पण माझ्यासाठी इतकं मोठं खोटं आजवर कोणी बोललं नव्हतं, हेही त्यांना सांग.

डॉक्टरांनी सुट्टी दिली की तुझ्याकडे यायचा विचार आहे. दुसऱ्या फटक्याची माफी मी त्यांच्यासमोर उभी राहून मागणार आहे. पहिल्याची मागणार नाही. तीच आग आणि तेच भाऊजी असतील तर पहिला मी पुन्हा मारेन, तेवढाच जोरात. हे मी यायच्या आधी त्यांना वाचून दाखव. ऐकूनही ‘ये’ म्हणाले, तर कळव.

लोभ किती ठेवायचा ते तू ठरव. माझा आहे तसाच आहे.

तुझी,
भिंगरी