दालचिनी थोडी वाढवावी

३ एप्रिल, सकाळी
काल बैठक झाली. आमच्या पूर्णिमाचं लग्न ठरलं. मुलगा यशराज, गाव जयसिंगपूर. त्याचे वडील कृष्णातराव घरी साबण बनवून विकतात. निघताना त्यांनी माझ्या हातात दाढीच्या साबणाची गोल वडी ठेवली. नवा माल, अजून बाजारात नाही. म्हणाले, "पावणं, तुम्ही कॉलेजात केमिस्ट्रीला हायसा. वापरा आणि खरं काय ते सांगा."
योग्य माणसाला विचारलं. लॅब असिस्टंट म्हणून एकोणतीस वर्षं झाली. प्रोफेसर येतात नि जातात, बाटल्या मलाच ठाऊक.

४ एप्रिल
साबण चांगला आहे. फेस दाट. पण नुसतं 'चांगला' म्हटलं तर तज्ज्ञ कसला? व्हॉट्सअ‍ॅप केलं: "उत्तम. मात्र सुगंध कमी पडतो. दालचिनीचं तेल थोडं वाढवावं."
बायकोनं वाचलं. क्रांतीचा स्वभावच शंकेखोर. तुम्हाला दालचिनीतलं काय कळतं, म्हणाली.

१२ एप्रिल
सुधारित वडी आली. कृष्णातराव शब्दाला जागणारा माणूस. लावल्यावर गालाला किंचित चुरचुर. गुण येत असल्याची खूण. कळवलं: "आता जमलं. अजून दालचिनी चालेल. लवंगेचं तेलही घाला."

१७ एप्रिल
गाल लाल. मानेवर पुरळ. कारण सापडलं: हापूस. यंदा लवकर सुरू केला. आजपासून आंबा बंद.

२१ एप्रिल
चार दिवस आंबा नाही, खाज दुप्पट. आंब्याचा दोष नव्हता. उगाच चार दिवस गेले.
क्रांती म्हणते, साबण बघा. मी सांगितलं, घरगुती, नैसर्गिक वस्तू आहे, नैसर्गिक वस्तूनं काही होत नाही. ती म्हणाली, मिरचीपण नैसर्गिकच असते की. अशास्त्रीय युक्तिवाद. पाण्याची टाकी धुवायला काढली.

२६ एप्रिल
टाकी धुतली, ब्लेड बदललं, टॉवेल उकळला. लवंगवाली वडी आली. लावली आणि डोळ्यांतून पाणी. तरी दाढी पूर्ण केली. उद्यापासून दिवसातून दोनदा लावायची. स्किनला सवय लावावी लागते.

२८ एप्रिल
सवय लागली नाही. प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं, मधमाश्या चावल्या का? हो म्हणालो.
दुपारी कृष्णातरावांचा फोन. साबण कसा हाय? फर्स्ट क्लास, म्हटलं. मुलीच्या सासऱ्याला त्याचा साबण भाजतो म्हणून सांगू? तेही साखरपुडा बारा दिवसांवर असताना? मुलीच्या बापाला डिप्लोमसी लागते. माझ्यात ती उपजत आहे.

३ मे
स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणजे क्रांतीनं नेलं. डॉक्टर मुलगी पूर्णिमाच्या वयाची. वडी हुंगली आणि लगेच लांब धरली. म्हणाली, दालचिनी आणि लवंगेची तेलं जास्त झाली तर कातडीला झोंबतात, कायमची अ‍ॅलर्जीही बसू शकते. एवढं घालायला सांगितलं कुणी?
क्रांतीनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं.
मलम दिलं. पुरळ जाईपर्यंत दाढी बंद.

५ मे, संध्याकाळी ६.४०
कृष्णातरावांचा फोन, अगदी खुशीत. साखरपुड्याला येणाऱ्या घराघराला एक वडी भेट देणार. तीनशे वड्या तयार. "तुमच्याच फॉर्म्युल्यानं, पावणं!"
पाणी प्यालो. तीनशे लालभडक तोंडं डोळ्यांसमोर आली. त्यातली निम्मी आमच्याच भावकीतली.
उद्या सकाळी खरं सांगणार. शांतपणे, शास्त्रीय भाषेत. सात मुद्दे काढले आहेत.

६ मे
फोन लावला. पहिला मुद्दा, त्वचेची रचना. दुसऱ्यावर आलो तोवर कृष्णातराव म्हणाले, "थोडक्यात सांगा की, मला मार्केटात जायचं हाय." मी म्हटलं, काही काही हवामानात, काही काही त्वचेला... एवढ्यात पूर्णिमानं फोन हातातून घेतला. "काका, त्या साबणानं पप्पांचं तोंड भाजलंय. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोलत न्हाईत. तेवढ्या वड्या वाटू नका."
तिनं फोन स्पीकरवर टाकला. लग्न मोडलं, मी मनात म्हटलं. खुर्चीचा हात घट्ट धरला.
मग कृष्णातरावांचा आवाज: "अगं पोरी, माझं बी तोंड दोन आठवडं पेटलंय! पण म्हटलं, पावणं सायन्सचं माणूस. त्यास्नी सोसतंय, म्हंजे खोट माझ्यातच असणार."
पूर्णिमा हसत हसत जमिनीवरच बसली. आतून क्रांतीचंही हसणं ऐकू आलं. लग्न मोडलं नव्हतं. मीही हसलो, पण गाल ताणले की दुखतात.

७ मे
साबण रद्द. नृसिंहवाडीचे पेढे वाटायचं ठरलं. त्यात साखर किती असावी याबद्दल दोन शब्द कळवणार होतो. पूर्णिमानं माझा फोन कपाटात ठेवला आहे.

११ मे, सकाळी
काल साखरपुडा थाटात झाला. माझी दाढी आठवडाभराची, पांढरी, मध्ये मध्ये मलमाचे ठिपके. आरशात मला तरी रुबाबदार वाटली. फेटा कपाळाला टोचायला लागला म्हणून काढून ठेवला.
यशराजच्या आत्यानं बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सुतक हाय काय तुमच्यात?"
फोटोच्या वेळी पूर्णिमाच्या शेजारी, अगदी पहिल्या ओळीत, छाती पुढं काढून उभा राहिलो. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. म्हणाला, "मामा, जरा बाजूला सरका. पोरीच्या वडलांना येऊ द्या."
सरकलो.