चारही कोपरे शाबूत

सावेडी, अहमदनगर
८ नोव्हेंबर १९९८

आदरणीय राहीअक्का,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे सर्वजण खुशाल आहोत, तुम्हीही सर्व खुशाल असाल. दाजींचा गुडघा दुखतो असं कानावर आलं. थंडीत जपायला सांग.

हे पत्र हातात पडल्यावर तू आधी त्याचे कोपरे पाहिले असशील, मग पाठवणाऱ्याचं नाव वाचलं असशील आणि नाव वाचून पुन्हा कोपरे पाहिले असशील. घाबरू नकोस. माणूस गेल्याचं कळवताना कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचा, आणि ज्याला मिळालं त्याने ते वाचून लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, ही आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. या पत्राचे चारही कोपरे शाबूत आहेत.

सव्वीस वर्षांत मी तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. म्हणून नमनाला घडाभर तेल न घालता कामाचं लिहितो.

आमच्या घरी कॉम्प्युटर आहे. म्हणजे तुझ्या भावजयीचा, विजयमालाचा आहे. ती घरबसल्या लग्नपत्रिका आणि अर्ज तयार करून देते. मला त्याला हात लावायची परवानगी फक्त रविवारी. आता आम्हाला स्कॅनर घ्यायचा आहे. कागदाचा जसाच्या तसा फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये ठेवणारं यंत्र. कशासाठी, तर बाबांच्या पत्रांच्या तारेसाठी.

आठवते ना तार? घराच्या मधल्या लाकडी मेढीच्या खिळ्याला टांगलेली, खाली लाकडाचा ठोकळा आणि वर आकडा. वस्तीतल्या सगळ्यांची पत्रं बाबांनी वाचायची, उत्तरंही त्यांनीच लिहायची. दगडाबाईचा मुलगा ऊसतोडीवरून काय कळवतो ते दगडाबाईच्या आधी बाबांना कळायचं. वाचून झालं की पत्र तारेत ओवायचं. तू मला कडेवर घेऊन वर उचलायचीस, कारण सगळ्यात वरचं पत्र मलाच वाचायचं असायचं. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं त्या तारेवर शिकलो. शिकवणारी तू, चौथी पास. 'प' कसा काढायचा हे आजही मला तुझ्या बोटाने आठवतं.

गावच्या घराचे पत्रे बदलायचे म्हणून गेल्या महिन्यात बाबांची पेटी नगरला आणली. तारेवर तीनशेच्या वर पत्रं निघाली, प्रत्येकाच्या मधोमध भोक. ते नेमकं मुद्द्याच्याच शब्दावर पडलेलं असतं, असं विजयमालाचं मत आहे.

स्कॅनर तीन जातींचे मिळतात. पहिला हातात धरून कागदावरून इस्त्रीसारखा फिरवायचा. दुकानात मी फिरवून पाहिला, तर सरळ ओळी दारू प्यायल्यासारख्या उमटल्या. दुसरा रसाच्या चरकासारखा. एका बाजूने कागद द्यायचा, तो आत ओढतो आणि दुसऱ्या बाजूने सोडतो. त्याला जागा कमी लागते आणि कामही झटपट. तिसरा म्हणजे झाकणाची काचेची पेटी. कागद काचेवर पालथा घालायचा, खालून दिवा सरकत जातो. हा टेबल अडवतो आणि सावकाश चालतो.

दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्ही दुसरा घ्या. कागद कसे आहेत?" मी म्हणालो, जुने. "फाटलेले आहेत का?" मी म्हणालो, असेल एखादा. विजयमालाने माझ्याकडे पाहिलं.

तर काम एवढंच की बाबांनी तुला लिहिलेली पत्रं तुझ्याकडे असतील, ती काही दिवसांसाठी पाठवावीस. काम झालं की रजिस्टरने परत करीन. दुसरं काही कारण नाही.

तुझा भाऊ,
भीमराज


सावेडी, अहमदनगर
२९ नोव्हेंबर १९९८

आदरणीय अक्का,
सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. आम्ही खुशाल.

"भीमराज साहेबांना जयभीम. बाबांची पत्रं माज्याकडं हायेत. देनार न्हाई. तुमचं यंत्र त्यांचा भुगा करंल. बगायची आसतील तर हितं यिऊन बगा." एवढ्याशा कार्डात तू मला साहेब केलंस, तुमचं-आमचं केलंस, वर यंत्रालाही बोल लावलास. लागायचं तिथे बरोबर लागलं. पण अक्षर तेच आहे. 'प'ची शेपटी अजून लांब काढतेस.

यंत्राच्या बाबतीत तुझंच खरं निघालं. मी चरकवाल्यावर अडून बसलो होतो. दुकानदाराने चालवून दाखवायला कागद मागितला. मी तारेवरचं एक जुनं कार्ड दिलं, कुणाच्या तरी बैलाच्या सौद्याचं. यंत्राने ते अर्धं आत घेतलं, कुरकुरलं आणि बाहेर आलं तेव्हा भोकापासून चिरलेलं होतं. माझा हात खिशावर गेला. बैलाचं काही नाही अक्का, पण त्याच्या जागी दुसरं एक कार्ड द्यायचं माझ्या मनात होतं. ते माझ्या वरच्या खिशात होतं.

रस्त्यावर आल्यावर विजयमाला म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? अक्कांना खरं काय ते लिहा."

लिहितो.

बाबांच्या पेटीत त्यांचं जुनं चष्म्याचं घर सापडलं. आत चष्मा नव्हता. धोतराच्या चिंधीत गुंडाळलेले पोस्टकार्डाचे तुकडे होते. नऊ. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेले, दोन्ही बाजूंनी. अक्षर तुझं. आई गेल्याचं तू कळवलंस ते कार्ड आहे हे. बाबांनी फाडलेलं.

झेरॉक्सवाल्याकडे नेलं तर कोरा कागद निघाला. तो म्हणाला, जांभळं फिकट झालंय, मशीनला दिसत नाही. पण रंगीत स्कॅनरला दिसतं आणि मग कॉम्प्युटरवर ते गडद करता येतं. म्हणून हा सगळा खटाटोप. तुकडे चरकात घालता येत नाहीत, काचेवर मात्र एकाशेजारी एक मांडता येतात. तेव्हा काचेची पेटीच घेतली आहे. आमचं जेवणाचं टेबल त्यात गेलं, आम्ही खाली बसून जेवतो.

बाकी पत्रांची घाई नाही. तुझी तुझ्याजवळच राहू देत. पहिल्या पत्रात दुसरं काही कारण नाही असं लिहिलं होतं, ते खोटं होतं.

भीमराज


सावेडी, अहमदनगर
२० डिसेंबर १९९८

प्रिय अक्का,
जयभीम.

आज खुशाली लिहीत नाही. आज कार्ड वाचलं.

विजयमालाने बाबांच्या फोटोची चौकट उघडून तिची काच काढली, दुसरी एक तेवढीच आणली आणि मधे तुकडे मांडले. म्हणजे उलटं केलं तरी हलत नाहीत. मला लांब बसवलं होतं. दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला. आधी पडद्यावर नुसती तांबूस माती दिसली. मग तिने रंग गडद केला आणि मातीतून तुझी अक्षरं वर आली. 'प' सगळ्यात आधी ओळखला.

तू लिहिलेलं तुलाच परत लिहून पाठवतो. दोन ठिकाणी तुकडा नाही, तिथे जागा सोडली आहे.

"बाबांना जयभीम. आई काल पहाटं गेली. आट दिस ताप हुता. भीमाला बोलीवते म्हनलं तर आई म्हनली, त्येचा म्याट्रिकचा पेपर हाय, त्येला कळीवलंस तर माजी शपत हाय. पेपर झाल्याव यील, तवर मी थांबते म्हनली ....... हे तोडीवर हायेत. पाटवाया घरात मानूस न्हाई, मी बाळतीन. आईनं शेवटाला भीमाचं नाव ....... भीमा, राग धरू नको."

अक्का, मी यातला एक शब्दही वाचला नव्हता.

आई तुझ्या बाळंतपणाला सोनईला आली होती. तुझं कार्ड मिळालं त्या दिवशी माझा शेवटचा पेपर होता. जामखेडहून घरी आलो तेव्हा बाबा अंगणात कार्ड घेऊन उभे होते. मला पाहून म्हणाले, "भीमा, आय गेली रं." आणि माझ्यासमोर त्यांनी कार्ड फाडलं. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच वाटेने जाणारा माणूस. छप्पन्न साली घरातले सगळे देव नदीत सोडून आलेला माणूस. वस्तीला सांगायचे, हे शकुन-अपशकुन सोडा. पण कोपरा फाटलेलं कार्ड हातात आलं आणि पहिल्या ओळीवर त्यांच्या हातांनी जे पिढ्यान्‌पिढ्या केलं तेच केलं. पुढच्या ओळी त्यांनीही वाचल्या नाहीत. तुकडे वाऱ्याने गेले असंच मी समजत होतो. त्यांनी ते कधी वेचले कोण जाणे.

मग सोनईला, आईच्या पुण्यानुमोदनाला, साऱ्या भावकीसमोर मी तुला बोललो. "आठ दिवस आई आजारी होती आणि तू मला कळवलं नाहीस. आई काय तुझ्या एकटीची होती? मला तिचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस." तू मांडीवरच्या रश्मीला थोपटत म्हणालीस, "पत्रात समदं लिव्हलं व्हतं की रं." आणि मी म्हणालो, "काय लिहिलं होतंस? गेली, एवढंच ना!"

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून गप्प बसलीस. आज कळलं. तुला वाटलं, याने शपथ वाचली, शेवटचं वाक्य वाचलं आणि वाचूनही हा असा बोलतो आहे. मग तू तरी काय बोलणार होतीस?

रश्मीचं वय तेवढा आपला अबोला. तिच्या लग्नाला मी आलो नाही. बाबा गेले तेव्हा आपण दोघं एका मांडवात बसलो आणि मी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आता जे तिन्ही पत्रांत टाळत आलो ते लिहितो. बाबा जायच्या आधीच्या वर्षी माझ्याकडे राहायला होते. एक दिवस त्यांनी ते चष्म्याचं घर माझ्यापुढे धरलं. दोन तुकड्यांच्या कडांना डिंक लागलेला आहे, म्हणजे त्यांनी आधी स्वतः जोडून पाहिलं असणार, डोळ्यांनी साथ दिली नसणार. म्हणाले, "भीमा, ह्ये जरा बग. राहीचं हाय." मी पेपर वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, "अक्काचं काही माझ्यासमोर आणू नका." त्यांनी घर मिटलं. पुन्हा कधी विषय काढला नाही.

हे विजयमालालाही आजच सांगितलं. तिने उठून चहा ठेवला. दोष रीतीचा नाही अक्का, बाबांचाही नाही. बाबांनी कार्ड फाडलं, पण पुढे त्यांनीच मला ते वाचायला दिलं होतं. मी वाचलं नाही.

त्या परीक्षेत मी पास झालो. त्यावर नोकरी लागली, नगरात घर झालं, टेबल झालं, टेबलावर हे यंत्र आलं. आईने ताप अंगावर काढून जो पेपर मला देऊ दिला, त्याचंच हे सगळं आहे. आणि मी तिच्या नावाने तुला छळलं. मला फार लाज वाटते. माफ कर एवढंच म्हणतो. त्याहून मोठा शब्द मला येत नाही, तू शिकवला नव्हतास.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो. घोडेगावला उतरून पुढे जीप मिळेल. विजयमालाही बरोबर आहे. यंत्र आणत नाही. बाबांची पत्रं तिथेच बसून तुझ्याकडून वाचून घेईन, बघायची असतील तर इथे येऊन बघा असं तूच लिहिलं आहेस. दारातून परत पाठवलंस तरी ते तुझ्या हक्काचं आहे.

जोडलेल्या कार्डाची प्रत सोबत ठेवली आहे. तुकडे चष्म्याच्या घरासकट माझ्याकडे आहेत, ते तुझ्या हातात देईन.

पाकिटाचे कोपरे पुन्हा एकदा पाहिले, चारही शाबूत आहेत. वाचून झालं की फाडू नकोस, बाबांसारखं तारेत ओव. आणि राग धरू नकोस, असं तू तेव्हा मला लिहिलं होतंस. सव्वीस वर्षं उशिरा तेच तुला लिहितो.

तू ज्याला कडेवर घेऊन वर उचलायचीस तो,
तुझा भीमा