रॉइस हॅडकच्या वस्तीला माझा तात्त्विक विरोध

४ मार्च
दुकानात जाताना पिकानच्या झाडांच्या जुन्या बागेपाशी पालिकेची पाटी दिसली. झोनिंग, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर, बदलण्याचा अर्ज. अर्जदार रॉइस हॅडक. गाडी बाजूला घेऊन दोनदा वाचली. ‘पारंपरिक वस्ती’ म्हणे. लहान प्लॉट, घरं एकमेकांना खेटून, पुढे पोर्च, गॅरेजं मागच्या गल्लीत, कोपऱ्यावर दुकान, सगळीकडे पायी जायचं. म्हणजे माझे आजोबा राहायचे तसंच. आजोबांनी कधी अर्ज केला नव्हता आणि त्यांचं कुणी कौतुकही केलं नव्हतं.

ह्याच रस्त्यावर मी भाड्याच्या गोदामांची योजना मांडली होती. पत्र्याची, बदामी रंगाची, एका ओळीत. कौन्सिलने एकमताने फेटाळली. शहराला शोभत नाही म्हणाले.

मला मत्सर नाही. रॉइस आणि मी एकाच वर्गातले. त्याचं भलंच व्हावं. दुसऱ्या गावात.

११ मार्च
चर्चच्या हॉलमध्ये रॉइसने शेजाऱ्यांची बैठक बोलावली. शांत राहायचं आणि एकच धारदार प्रश्न विचारायचा, असं ठरवून गेलो. विचारला: पोर्च रस्त्याच्या इतके जवळ असतील तर माणसांना खाजगीपणा उरेल का? रॉइस म्हणाला, “मर्ल, काय सुंदर प्रश्न काढलास!” आणि त्यावर पंधरा मिनिटं बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या प्रश्नाला, त्याच्यासाठी.

त्याच्या आईने लिंबाचा केक आणला होता. माझ्या बायकोने, लॉरेटाने, दोनदा घेतला. परतताना गाडीत म्हणाली, “रॉइस समोरच्याचं ऐकून घेतो, नाही?” पुढेही काही सांगत होती. मी रेडिओ लावला.

१९ मार्च
पालिकेच्या कचेरीत गेलो. अर्ज तपासणारी मिस ब्रॅनम अगदी तरुण आहे, पण उद्धट नाही. शहराच्या आराखड्यात बसतं का, रस्ते, गटारं, शाळा पुरतील का, शेजारच्यांना त्रास होईल का, एवढं आम्ही बघतो, म्हणाली. प्लॅनिंग कमिशन शिफारस करतं, शेवटचा निर्णय कौन्सिलचा. मी विचारलं, अर्जदाराचा स्वभाव बघता का? म्हणाली, “नाही सर. आणि विरोध करणाऱ्याचाही बघत नाही.”

तिथे वेळ गेला. लॉरेटाला केस कापायला न्यायचं राहिलं. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी तिचं गाडी चालवणं बंद केलंय, पण तिला अडचण कसलीच नाही. मी आहे ना.

२ एप्रिल
रामबाण उपाय सापडला! बागेला लागून असलेल्या पुरेशा मालकांनी लेखी विरोध केला तर कौन्सिलला साध्या बहुमतावर मंजुरी देता येत नाही. उद्यापासून सह्यांची मोहीम. रॉइसच्या तोंडचं पाणी पळणार.

३ एप्रिल
पहिली सही मीच केली. मिस ब्रॅनमने नकाशा बघून सांगितलं की माझं घर हद्दीबाहेर पडतं, सही धरता येणार नाही. पण मी पुढाकार घेणारा माणूस. माझी सही लागते कशाला?

५ एप्रिल
बागेला लागून राहणाऱ्या मिसेस पेटीग्रूंनी गोड थंड चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि सही केली. मोहिमेने जोर धरला.

६ एप्रिल
मिसेस पेटीग्रूंचा फोन. कोपऱ्यावरच्या दुकानात औषधं मिळणार का? मला खोटं बोलता येत नाही. मिळणार, म्हणालो. “मग माझी सही खोड बाबा.” मोहीम आटोपती घेतली. खरी लढाई भाषणानेच जिंकली जाते.

१४ एप्रिल
कमिशनपुढे सुनावणी. लॉरेटा आपणहून म्हणाली, मीही येते. बरं वाटलं. बायको समोर असली की माझा आवाज लागतो.

प्रत्येकाला तीन मिनिटं. गोदामांपासून सुरुवात केली, कारण पार्श्वभूमी लागतेच. त्यांचा बदामी रंग समजावत होतो तेवढ्यात अध्यक्षबाई म्हणाल्या, “मिस्टर टॅन्सिल, आजच्या अर्जाबद्दल बोलता का?” आणि घंटा वाजली.

मग लॉरेटा उठली. मला वाटलं, माझं राहिलेलं बोलणार. माईक चाचपून म्हणाली, “मी लॉरेटा टॅन्सिल. मला आता गाडी चालवता येत नाही. ब्रेड हवा असला तरी नवऱ्याची वाट बघत बसते. तो चांगला आहे, पण विसरतो. मला माझ्या पायांनी कुठेतरी जायचंय. हे होऊ द्या.”

एवढंच. घंटेला कामच उरलं नाही. रॉइसने रुमाल काढला. नाटकी माणूस.

घरी येताना मी विचारलं, मला आधी का सांगितलं नाहीस? म्हणाली, “सांगितलं होतं. तू रेडिओ लावलास.”

१२ मे
कौन्सिलने एकमताने मंजुरी दिली. एक सभासद म्हणाले, मिसेस टॅन्सिल यांच्या बोलण्याने माझं मत ठरलं. म्हणजे आमच्या घराचा ह्या शहरावर प्रभाव आहे. रॉइसने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “मर्ल, तू नशीबवान आहेस रे.” मी म्हणालो, माहीत आहे. जेवण गेलं नाही.

पुढच्या वर्षीचा सप्टेंबर, २० तारीख
कोपऱ्यावरचं दुकान उघडलं. सकाळी लॉरेटाने पांढरी काठी घेतली, टोपी घातली. मी किल्ल्या उचलल्या. म्हणाली, “नको. मी जाते.” ती वळणाआड गेल्यावर मी गाडी काढली. कायद्याचं पालन होतंय का ते बघायला.

दुकानासमोर गाडी लावायला जागाच नाही. मागच्या गल्लीतून फिरून पुन्हा पुढे आलो. काचेतून लॉरेटा दिसली. रॉइस काहीतरी सांगत होता आणि ती मान मागे टाकून हसत होती. असं हसताना तिला किती दिवसांत पाहिलं नव्हतं. आणखी एक फेरी मारली. आता ती काचेत नव्हती. वस्तीतल्या सगळ्या गल्ल्यांत शोधली. पोर्चवर बसलेल्या एका माणसाने विचारलं, “रस्ता चुकलात का साहेब?” नाही म्हणालो.

घरी आलो तेव्हा ती ओट्यापाशी ब्रेड कापत होती. “कुठे होतास?” म्हणाली.

असाच फिरत होतो, म्हणालो.