काळजाला बटण

४ मार्च
बसली एकदाची हृदयात नवी झडप! छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालून. म्हणजे कॉलर बदलायला पायजम्याच्या पायातून हात घालायचा! पन्नास वर्षं शिवणकाम केलं, पण हे कधी सुचलं नाही.
डोळे उघडले तर हे समोर. "कशी आहेस?" म्हटलं, अस्तर बदललेल्या कोटासारखी.

६ मार्च
आज घरी जायचं होतं. बाथरूमपर्यंत चालले आणि ही धाप! इको काढला. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडलंय. नवी झडप फुलवताना जुनीवरचा कडक थर त्यात रुतला म्हणे.
"फार क्वचित होतं असं, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जन्मात कधी सोडतीत नंबर लागला नाही, आणि इथे बरा लागला!

७ मार्च
अंगातलं पाणी उतरायच्या गोळ्या. दिवसभर बाथरूमच्या वाऱ्या. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

९ मार्च
गोळ्यांनी भागेना. पाय टम्म. उताणं पडलं की जीव घाबरा होतो.
डॉक्टरीणबाई पलंगावर टेकूनच बोलल्या. छाती उघडून शिवणं या वयात झेपायचं नाही. दुसरा उपाय — पुन्हा नळी घालायची, आणि भोकात तारेच्या जाळीचं बटण. दोन्ही बाजूंना दोन चकत्या, मध्ये पडदा चिमटीत.
"नव्या झडपेला धक्का लागला तर?" ह्यांनी विचारलं.
"लागू शकतो." खोटा धीर दिला नाही — आवडली मला बाई.
हे बाहेर गेले. आले ते तोंड धुऊन.
म्हटलं, लावा बटण. फक्त रंग जुळवून घ्या!

१० मार्च
उद्या सकाळी. भीती वाटते. लिहिलं एकदाचं.

१२ मार्च
लागलं! झडपही जागच्या जागी. किंचित गळतंय, पण हळूहळू बंद होईल म्हणाल्या. रात्री उताणी झोपले — राणीसारखी! आनंदाच्या भरात ह्यांनी माझाच चहा पिऊन टाकला.

१९ मार्च
घर. माझ्या माघारी ह्यांनी स्वतःच्या सदऱ्याला बटण लावलंय. बटणासकट खिसाही शिवून टाकलाय! हसून हसून बटण निसटेल की काय — माझं!

६ एप्रिल
तपासणी झाली. माझं सगळं ठीक. निघताना ह्यांनी थट्टेत सदरा वर केला — "आता माझंही ऐका की!" डॉक्टरीणबाई हसत हसत स्टेथोस्कोप लावून ऐकायला लागल्या.
मग हसायच्या थांबल्या.