वेसला सोडा म्हणणारा मामा

शनिवार, ७ मार्च

प्रिय व्हेरोना,

तू आणि हॅरॉल्ड खुशाल असाल. तुझा गुडघा टक्सनच्या उन्हात जरा तरी वळला असेल, असं धरून चालतो. इथे सरोवरावरचा बर्फ अजून हटलेला नाही. काल शुक्रवार, म्हणून चर्चमध्ये मासे आणि पिरोगी होत्या. पिरोगीतलं बटाट्याचं सारण कच्चं होतं, पण बोलायची सोय नाही, फादरची बहीणच करते.

तू फोन आपटलास आणि आता उचलतही नाहीस, म्हणून हे पत्र. मर्नाने तुला कळवलं ते खरं आहे. मी माझ्याच दुकानात, हातात कात्री असताना, सगळ्यांदेखत म्हणालो की वेसला संघातून सोडून द्या. सख्ख्या भाच्याला! "वैऱ्यानेही असं केलं नसतं," म्हणालीस. बरं. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच.

मार्च आला की आपल्याकडे केस कापायला कमी आणि भांडायला जास्त गिऱ्हाईक येतं, हे तुला माहीत आहे. यंदा आपल्या फुटबॉल संघाचे सगळे खेळाडू लीगच्या पगाराच्या मर्यादेत बसत नाहीत. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक म्हणून वेसला ठेवायचं, तर त्याच्या डाव्या हाताला उभा राहून त्याला वाचवणारा लेमॉन्ट जाणार, नाहीतर बचावातले दोघे.

ऑगी, तो क्रेन चालवायचा ना, खुर्चीतूनच ओरडला, "वेस गेला तर हंगामाचं तिकीट जाळीन मी! चेंडू कोण फेकणार मग? तुझा बाप?"

मर्ना शाळेची बस बाहेर लावून आत आली होती, फुकटची कॉफी प्यायला. "आणि लेमॉन्टला सोडलं तर वेसच्या अंगावर येणाऱ्या धटिंगणांना कोण अडवणार? तू? तुला जिना चढवत नाही."

"अगं, अडवणारे पैशाला पासरी मिळतात. वेस एकच आहे!"

तेव्हा मी बोललो. "वेसला सोडा. चौतिशीचा झालाय, हात मंदावलाय. त्याच्यापायी बाकीची पोरं घालवू नका."

ऑगी अर्धे केस कापलेले तसाच उठला, "घरभेदी आहेस तू," म्हणाला, आणि टोपी घालून चालता झाला. रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. सोमवारी दुकानाची काच फुटलेली होती. नवी बसवली.

हात मंदावलेला नाही, व्हेरोना. हात ठणठणीत आहे.

जानेवारीत वेस केस कापायला आला होता. खुर्चीत बसला आणि विचारलं, "जोआनमामी कुठे गेलीय?" मला वाटलं थट्टा करतोय, पण असली थट्टा त्याच्या स्वभावात नाही. आरशात तोंड पाहिलं त्याचं. खरंच विचारत होता गं. जोआनची शवपेटी त्याने स्वतः खांद्यावर घेतली होती. मी म्हणालो, "बाजारात गेलीय." काय बोलणार? कात्री खाली ठेवली.

थोड्या वेळाने त्याचं त्यालाच आठवलं. रडला नाही, घाबरला. "मामा, आईला सांगू नकोस. डॉक्टरांना कळलं तर मला बसवतील. एकच हंगाम." तुझ्या जिवाची शपथ घातली मला.

हात मंदावल्याची बोलवा झालेल्या चौतिशीच्या माणसाला संघाने सोडलं की दुसरं कोणी घेत नाही. घरी आला असता. माझ्या दुकानात काही ठरत नाही हे मलाही कळतं, पण संघाच्या मालकाचा मेहुणा माझ्याकडेच केस कापून घेतो आणि लोक काय म्हणतात ते वर पोचवतो. त्याच्या कानात खरं सांगावं असं दहादा ओठांवर आलं. शपथ आड आली. म्हणून हात मंदावलाय एवढंच म्हणालो.

सोमवार

परवा इथवर लिहिलं आणि पेटीत टाकायचा धीर झाला नाही. आज निकाल लागला. वेसला ठेवलं. लेमॉन्टला सोडलं.

ऑगी नाचतच आला. मला मिठी मारली, "झालं गेलं विसर, म्हाताऱ्या!" म्हणाला आणि टोपी काढून उरलेले केस कापून घेतले. मी कापले. गावभर गाड्यांचे भोंगे चालू होते.

दुपारी लेमॉन्ट आला. दाढी करायची म्हणाला, पण साबण लावू दिला नाही. वेस म्हणतो म्हणून तोही मला मामाच म्हणतो.

"मामा, तुम्हाला ठाऊक आहे, होय ना? म्हणून सोडा म्हणत होतात."

मी वस्तरा बाजूला ठेवला.

"डोक्याला मार बसून बसून वर्षभर असं चाललंय. कोणती चाल खेळायची ते आम्हाला सांगताना तो मध्येच विसरतो. मी हळूच पुढचं सांगायचो. कोणाला पत्ता लागू दिला नाही. डावीकडून कोणी धावून आलं तर त्याला उशिरा कळतं, म्हणून मी ओरडायचो. आता माझ्या जागी कोणी नवा पोरगा येईल. त्याला यातलं काही माहीत नसणार. त्याला सांगावं तर वेसचं खेळणं संपतं. आणि नाही सांगावं तर…"

एवढा अगडबंब माणूस, माझ्या टॉवेलात तोंड खुपसून रडला. वेसला मीच झाकून ठेवलं, मीच झाकून ठेवलं, एवढंच म्हणत राहिला. मला भीती वाटते आहे, व्हेरोना. सारखी ती डावी बाजू डोळ्यांपुढे येते. तिथे कोणी नाही.

मी शपथ मोडली. तुझ्या जिवाची होती, पाप लागायचं ते मला लागो. पत्र तातडीच्या टपालाने पाठवतो आहे. मिळेल त्या विमानाने ये. फोनवर ऐकणार नाही तो, समोर उभी राहा. खेळणार नाही असं त्याच्या तोंडून वदवून घे. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, चालेल. पण तू दारात उभी आहेस आणि तो माझ्याकडे बघून "या कोण?" म्हणतोय, अशी वेळ यायच्या आत ये.

तुझा भाऊ, आणि त्याचा मामा,
रोमन